सर्वात कमी दराच्या खुर्चीच्या समर्थनार्थ

आपल्या सार्वजनिक जीवनात एकमताने होणारे निर्णय फार थोडे उरले आहेत. गणेश मंडळात मिरवणुकीच्या मार्गावरून दोन तट पडतात, गृहनिर्माण संस्थेत पार्किंगवरून तीन, आणि ग्रामसभेत किती पडतात हे ग्रामसेवकालाच ठाऊक. पण सभागृहासाठी खुर्च्या घेण्याचा विषय निघाला की सगळे मतभेद विरतात. एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या घ्याव्यात आणि ज्याचा दर सर्वात कमी त्याच्याकडून घ्याव्यात, या ठरावाला सूचक शोधावा लागत नाही. अनुमोदकाचा हात तर आधीच वर गेलेला असतो. ज्या धोरणाला इतका व्यापक जनाधार आहे, त्याचे गुण कोणीतरी व्यवस्थित मांडायला हवेत.

एके काळी सभेला सतरंजी असे. सतरंजीवर बसलेल्या माणसाला खाली पडायला जागाच नव्हती, ही त्या व्यवस्थेतली उणीव. मग लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या. त्या बोटे चिमटायच्या, पण मोडत नसत, आणि वर्षानुवर्षे टिकल्यामुळे नव्या समितीला खरेदीची संधीच मिळत नसे. या कोंडीतून सुटका केली ती एकसंध प्लास्टिक खुर्चीने. १९७२ साली फ्रान्समध्ये हेन्री मासोने यांनी ‘फोतॉय ३००’ ही खुर्ची बाजारात आणली. वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबायचे आणि दोन मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची बाहेर काढायची. ना सांधा, ना स्क्रू, ना सुतार. जी वस्तू घडायला दोन मिनिटे पुरतात, ती निवडायला त्याहून अधिक वेळ घेणे औचित्याला धरून नाही. आपल्या समित्या हे प्रमाण कटाक्षाने पाळतात.

निवडीची पद्धतही स्तुत्य आहे. तीन दरपत्रके मागवायची, म्हणजे स्पर्धा होऊन भाव उतरतो, असा नियमामागचा हेतू. प्रत्यक्षात तिन्ही दरपत्रके पुष्कळदा एकाच दुकानातून, एकाच पाकिटात, तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर येतात. यात गैर ते काय? खजिनदाराच्या दोन खेपा वाचतात, आपले प्रतिस्पर्धी किती महाग आहेत हे दुकानदाराला स्वतःच ठरवता येते, आणि ऑडिटच्या वेळी फाइल पूर्ण असते. त्या फाइलीत खुर्चीचे वर्णन एका ओळीत आटोपलेले असते: ‘प्लास्टिक खुर्ची, हातासह, नग २००.’ प्लास्टिकच्या कोणत्या दाण्याची, किती भार पेलणारी, उन्हात किती टिकणारी, असले तपशील लिहिले की तुलना करावी लागते. ते गाळले की तुलना फक्त आकड्यांची उरते, आणि तीन आकड्यांत लहान कोणता हे चौथीतले मूलही सांगते. भारतीय मानक ब्यूरोने अशा एकसंध खुर्च्यांसाठी आयएस १३७१३ हे मानक फार पूर्वीच ठरवून दिले आहे. खरेदीदार ते मागत नसल्यामुळे ते अगदी कोरे करकरीत राहिले आहे.

खुर्चीच्या अंतरंगाकडे पाहिले तर या धोरणाची दूरदृष्टी अधिक स्पष्ट होते. या खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या. इटलीतील ज्युलिओ नात्ता यांच्या १९५४ सालच्या संशोधनातून उपयोगात आलेला हा पदार्थ हलका, चिवट आणि पुन्हा पुन्हा वाकवला तरी तग धरणारा आहे. नात्ता यांना कार्ल झिग्लर यांच्यासह १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण कोरा दाणा महाग पडतो, म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्या जातीची, भुकटी मिसळतात. बेताने मिसळली तर खुर्चीला कडकपणा येतो. सढळ हाताने मिसळली तर दर उतरतो आणि खुर्ची ठिसूळ होते. शिवाय या भुकटीची घनता पॉलिप्रॉपिलीनच्या सुमारे तिप्पट असल्याने अशी खुर्ची हाताला चांगली जड लागते. त्यामुळे दुकानात खुर्ची उचलून ‘माल वजनदार आहे’ असा निर्वाळा देणाऱ्या अनुभवी सदस्याचाही मान राहतो. उरलेली काटकसर पुन्हा पुन्हा वितळवलेल्या जुन्या दाण्याने होते. प्रत्येक वितळवणीत त्याचा चिवटपणा थोडा घटतो, हे खरे. पण समितीने पर्यावरणाचा विचार केला, असे अहवालात लिहिता येते.

सूर्यही या कामी हातभार लावतो. उन्हातले अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. त्यांना अटकाव करणारी द्रव्ये कारखान्यातच दाण्यात मिसळावी लागतात आणि त्यांना पैसे पडतात. सर्वात कमी दराच्या खुर्चीत हा खर्च वाचवलेला असण्याची शक्यता बरीच असते. मग विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगणात राहिलेली खुर्ची आधी फिकी पडते, नंतर तिच्यावर पांढुरकी पूड धरते, शेवटी बारीक चिरा पडतात. पूड श्रोत्याच्या कपड्यांना लागते आणि तो सभेला खरोखर हजर होता याचा पुरावा घरापर्यंत पोहोचतो. चिरा पुढच्या श्रोत्यासाठी राखून ठेवलेल्या असतात.

बसणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर लाभ आणखी मोठा. श्रोते पेंगतात ही वक्त्यांची जुनी तक्रार. ज्या खुर्चीचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकू लागतात, तिच्यावर कोणी पेंगत नाही. माणूस पुढे सरकून ताठ बसतो, पाठ टेकत नाही, दोन्ही पावले जमिनीवर रोवून ठेवतो आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण कान देऊन ऐकतो. हळदीकुंकवाला आलेल्या आजी खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला लागतात, तेव्हा तो हात वाकतो आणि शेजारच्या दोन सुना धावत येतात. वस्तूंनीच आधार द्यायला सुरुवात केली तर माणसे एकमेकांच्या उपयोगी कधी पडायची? आणि समजा सुना पोहोचायला उशीर झाला, आजींचे खुब्याचे हाड मोडले, तर तीच समिती फळे घेऊन विचारपूस करायला जाते. सामाजिक बंध असेच दृढ होत असतात.

लोकांनीही या धोरणाला मनापासून साथ दिली आहे. अंगाने भारी माणूस दारात दिसला की कोणीही न सांगता दोन खुर्च्या एकात एक घालून त्याच्यासाठी मांडतो. काही ठिकाणी तीनही घालतात. खुर्ची एकात एक बसणारी असावी, हा आग्रह ती नीट रचून ठेवता यावी म्हणून होता. तिच्यावर नीट बसता यावे म्हणूनही तो उपयोगी पडेल हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. यामुळे दोनशे खुर्च्यांवर दोनशे माणसे बसत नाहीत. उरलेली मागे भिंतीला टेकून उभी राहतात आणि फोटोत कार्यक्रम तुडुंब दिसतो. आयोजकांना याहून अधिक काय हवे?

कार्यक्रम संपला की खुर्च्यांच्या थप्प्या लागतात. अमेरिकेतील डेव्हिड रोलंड यांनी १९६४ साली पोलादी सळईची ‘४०/४’ नावाची खुर्ची आणली. चाळीस खुर्च्यांची थप्पी चार फूट उंचीत बसावी, आणि मांडताना एक खुर्ची दुसरीला जोडता यावी, अशी तिची रचना. इतका खटाटोप आपल्याकडे लागत नाही. आपण थप्पी छताला लागेपर्यंत चढवतो आणि ती कलली की भिंतीला टेकवतो. सव्वादोन किलोची एक खुर्ची धरली तर पंचविसांचे छप्पन्न किलो होतात. म्हणजे थप्पीतली सर्वात खालची खुर्ची एका प्रौढ माणसाला रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसलेली असते. पॉलिप्रॉपिलीन सततच्या भाराखाली हळूहळू वाकत जाते आणि मूळ आकारात परत येत नाही. त्यामुळे ती खुर्ची पुढच्या कार्यक्रमाला येते ती पाय फाकवूनच.

थप्प्या ठेवायला जागा लागते, आणि सभागृह बांधताना ती कोणी सोडलेली नसते. मागचे दार आणि जिन्याखालची मोकळी जागा मात्र आयतीच मिळते. मागच्या दाराचा रोजच्या जाण्यायेण्यात उपयोग नाही. तो फक्त आग लागली तर आहे. पॉलिप्रॉपिलीन स्वतः पेटते, वितळते आणि जळते थेंब खाली गाळते, हे लक्षात घेतले तर नेमक्या त्याच वाटेवर त्याचा साठा करण्यातला आपला निर्धास्तपणा विलक्षण आहे. सुट्या खुर्च्या घाईत आडव्या पडून वाट अडवतात, म्हणून मोठ्या सभांत ओळीतल्या खुर्च्या एकमेकींना जोडाव्यात, असे अग्निसुरक्षेतले जाणकार सांगतात. आपण तो खिळा, ती क्लिप, ती जोडणी सगळी वाचवली आहे.

हलकेपणाचा एक गुण तर लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचा. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका रंगात आली की सभासदांना आपले म्हणणे दूरवर पोहोचवावे लागते. सव्वादोन किलोची खुर्ची एका हाताने डोक्यावर उचलता येते आणि व्यासपीठापर्यंत धाडता येते. पोलादी चौकटीची जड खुर्ची घेतली असती तर सामान्य सभासदाच्या अभिव्यक्तीला आपोआप मर्यादा आली असती.

दात्यांचाही विचार व्हायला हवा. कोणाच्या तरी स्मरणार्थ पंचवीस खुर्च्या देण्याची आपल्याकडे सुंदर प्रथा आहे. दिवंगत व्यक्तीचे नाव खुर्चीच्या पाठीवर ठळक अक्षरांत रंगवलेले असते. पाठीला तडा गेला की कार्यकर्ते तिला भोके पाडून तारेने शिवतात, आणि तार नावाच्या मधून जाते. पुढे आडनाव निखळते. नंतर उरलेली खुर्ची किलोच्या भावाने भंगारात जाते. ज्यांच्या स्मृती जपायच्या म्हणून पैसे दिले, त्यांची आठवण निदान खाली पडणाऱ्याला तरी त्या क्षणी होते.

आता हिशेब, कारण हे धोरण शेवटी काटकसरीचे आहे. समजा, स्वस्त खुर्ची ४५० रुपयांची आणि चांगली ९०० रुपयांची. दोनशे खुर्च्यांना एकीकडे ९०,००० रुपये लागतात, दुसरीकडे १,८०,०००. समजा, स्वस्त खुर्च्या दोन वर्षे चालल्या आणि चांगल्या आठ. आठ वर्षांत स्वस्त खुर्च्या चार वेळा घ्याव्या लागतील आणि एकूण ३,६०,००० रुपये होतील, म्हणजे चांगल्या खुर्च्यांच्या बरोबर दुप्पट. वरवर पाहणाऱ्याला हा तोटा वाटेल. पण १,८०,००० मंजूर करायला सभा घ्यावी लागते, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. ९०,००० मंजूर करायला चहा पुरतो. शिवाय चार वेळा खरेदी म्हणजे चार समित्यांना लोकार्पणाची संधी, चार नारळ, चार बातम्या. वर्गणी देणाऱ्यांचा पैसा एकाच कार्यकाळात अडकून राहत नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला तोच निर्णय नव्याने घेण्याचा आनंद मिळतो.

परदेशात या खुर्चीची अशी कदर झालेली नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने २००८ ते २०१७ या काळात सार्वजनिक जागेत अशा खुर्च्या मांडायला मनाई केली होती. कारण काय, तर शहराचे रूप बिघडते. म्हणजे त्यांचा आक्षेप दिसण्याला होता. बाझलच्या सीमेलगतच जर्मनीत व्हिट्रा डिझाइन म्युझियम आहे, आणि २०१७ मध्ये त्याने याच खुर्चीवर प्रदर्शन भरवले. एकाने तिला रस्त्यावरून हटवले, दुसऱ्याने संग्रहालयात ठेवले. म्हणजे दोघांनीही तिची दखल घेतली. आपण दोन्हींतले काहीच करत नाही. आपण तिच्यावर सासऱ्यांना बसवतो आणि पंगतीची तयारी बघायला निघून जातो.

या साऱ्या गुणांची जाण असूनही समितीचे सदस्य स्वतः मात्र त्यागी वृत्तीने तिच्यापासून दूर राहतात, हे विशेष नमूद करायला हवे. व्यासपीठावर त्यांच्यासाठी सोफा असतो, नाहीतर मखमली गादीची, सोनेरी हातांची उंच पाठीची खुर्ची बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेली असते. तिची निवड करताना कोणी तीन दरपत्रके मागवल्याचे ऐकिवात नाही. पाहुण्यांना चालेल ना, आरामशीर आहे ना, असे साधे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे खुर्ची ठरवतात. खुर्चीवर बसायचे कोणी हे माहीत असले की माणसाला खुर्ची नीट निवडता येते, याचा हा भक्कम पुरावा आहे.

काही समित्या मात्र परंपरा मोडतात. त्या दुकानात नमुन्याच्या मोडक्या खुर्चीचा तुकडा मागतात आणि पाण्यात टाकतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, म्हणून ते तरंगते. तुकडा बुडाला तर भुकटी साधारण पंधरा टक्क्यांच्या वर गेली, असे समजून त्या दुसरे दुकान धरतात. खुर्चीचा हात किंचित वाकवून तिथे पांढरा डाग उठतो का ते बघतात. ओल्या फरशीवर खुर्ची ठेवून, सर्वात भारी सदस्याला बसवून, मागे रेलायला सांगतात. पायांना रबरी बूट आहेत का ते तपासतात. बिलावर मानकाचा क्रमांक लिहून घेतात. बंद सभागृहासाठी असेल तर पोलादी नळीच्या पायांवर प्लास्टिकची बैठक बसवलेली खुर्ची घेतात. ब्रिटनमध्ये रॉबिन डे यांनी १९६३ साली रचलेली अशी खुर्ची तिथल्या शाळांनी आणि सभागृहांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. नळीची जाडी विचारतात, वेल्डिंग सगळीकडून पक्के आहे का हे बोट फिरवून पाहतात, आणि पावसाळी हवेत गंज धरू नये म्हणून पावडर कोटिंगचा आग्रह धरतात. थप्पी दहाच्या वर चढू देत नाहीत, ती हलवायला चाकाची ट्रॉली घेतात आणि मागचे दार मोकळे ठेवतात. थोड्या हाताच्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी वेगळ्या राखतात. अशा समित्यांच्या सभागृहांत वर्षानुवर्षे खरेदी होत नाही, लोकार्पण होत नाही, बातमी येत नाही. लोक येतात, बसतात, ऐकतात आणि घरी जातात.

ज्यांच्या सहीने दोनशे माणसांची बैठक ठरते, त्या सर्व पदाधिकाऱ्यांना एक विनंती. पैसे लोकांचे आहेत, आणि बसणारेही तेच लोक आहेत. पुढची खरेदी करण्याआधी दुकानातून एक नमुना आणा. व्यासपीठ सोडून, एका पूर्ण कार्यक्रमाचे तीन तास त्याच खुर्चीवर बसा. मग आपल्या गावातल्या, आपल्या इमारतीतल्या सर्वात वयस्क माणसाला तिच्यावर बसवा आणि उठायला सांगा. ते कोणाचा हात न धरता उठले, तरच दरपत्रकाचे पाकीट उघडा.